शेवटी उरलेली वचनपट्टी

आमची रूथ गेली त्या वर्षी नाताळाच्या आधी पाळकसाहेब आमच्या खोलीवर आले आणि चहा घेता घेता म्हणाले, "यंदाही वचनपट्ट्या तुम्हीच कराल ना?" मी हो म्हटले. नाही म्हटले असते तर कारण द्यावे लागले असते, आणि खरे कारण असे होते की चार महिने मी देवाशी एक अक्षर बोलले नव्हते. रविवारी उपासनेला जात होते, गीताला उभी राहत होते, पण ओठ मिटून. माझे कोणाकडे लक्ष नव्हते आणि कोणाचे माझ्याकडे नसावे, असे मला वाटत होते. आता वाटते, सगळ्यांना कळत होते आणि सगळे गप्प बसले होते.

रूथ आमची एकुलती एक, सहा वर्षांची. ऑगस्टमध्ये तिला ताप आला, तो मेंदूपर्यंत गेला आणि नवव्या दिवशी संपले. त्या नऊ दिवसांत मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आयुष्यात केली नव्हती. उपास धरले, मंडळीतल्या बायका पाळीपाळीने गुडघे टेकून बसल्या, मी देवाला त्याचीच वचने एकेक करून ऐकवली. लहानपणी वडिलांनी शाळेच्या पाटीवर कित्ता गिरवून घ्यावा तशी ती माझ्याकडून पाठ करून घेतली होती. एकही चुकले नाही. तरी ती गेली. मग लोक सांत्वनाला आले. देवाच्या बागेत त्याला फूल हवे होते, असे एक जणी म्हणाली. त्याला फुलांची एवढी टंचाई आहे का, असे माझ्या तोंडावर आले होते, पण मी तिच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. यांना पिरंगुटच्या एका कारखान्यात काम लागले म्हणून जवळच्या भरे गावात खोली घेतली. दोन हजार चार सालची ही गोष्ट. माण गावाच्या बाजूला शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या आणि आमच्याकडे अजून भातकापणी झाली की सगळा गाव खळ्यावर दिसायचा. आमची मंडळी लहान, पंचवीस-तीस कुटुंबांची. पिरंगुटला एका हार्डवेअरच्या दुकानावरचा गाळा भाड्याने घेतलेला, तेच आमचे मंदिर. तिथे नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी एक रीत असते. ताटात वचनपट्ट्या पालथ्या मांडतात, प्रत्येक घरातून एक जण पुढे येऊन एक उचलतो आणि मोठ्याने वाचतो. तेच त्या घराचे वर्षाचे वचन. सगळे मिळून आमेन म्हणतात. मग ती पट्टी वर्षभर घरच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, खूण म्हणून राहते. म्हणून पट्टीवर घालायची ती आश्वासनाचीच वचने घालायची, हे न सांगता ठरलेले. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोणाच्या हातात काही कडू यायला नको.

पट्ट्यांसाठी मी जाड कागद विकत आणत नसे. आमची घरमालकीण आक्का गावातल्या लग्नपत्रिका माझ्यासाठी जमवून ठेवी. आक्काला लिहिता-वाचता येत नाही, पण पत्रिका कोणाच्या घरची हे तिला रंगावरून कळे. दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसायचो. पत्रिकेवरचा गणपती ती कात्रीने नीट कापून घ्यायची. "गणपती माजा, कोरं तुजं," असे म्हणायची आणि ते सगळे गणपती पिशवीत भरून पुढे कधीतरी नदीला सोडायची. उरलेल्या कोऱ्या भागाच्या मी पट्ट्या कापायची, कटनिबने वचन लिहायची, खाली पाट्याखाली दाबून वाळवलेले सोनकीचे एखादे फूल चिकटवायची, आणि वर भोक पाडून रेबीन. आदल्या वर्षापर्यंत फुले चिकटवायचे काम रूथचे होते. ती फुलांना एवढा गोंद लावायची की पट्ट्या एकमेकींना चिकटायच्या.

त्या डिसेंबरात मी लिहायला बसले आणि हात चालेना. अक्षर येत होते, वळण चांगलेच येत होते, पण प्रत्येक ओळ खोटी वाटत होती. तो तुझे रक्षण करील. तो तुझा हात धरील. मी लिहायची आणि मनात म्हणायची, कधी? यांना काही बोलायची सोय नव्हती. हे रोज जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानत होते, पूर्वीसारखेच, त्याच आवाजात, तेच शब्द. मुलगी गेली आणि या माणसाच्या प्रार्थनेतला एक शब्द हलला नाही, याचा मला इतका राग यायचा की घास तोंडात फिरायचा. मला वाटे, हे विश्वासात पक्के आहेत आणि मी ढासळले आहे. किंवा यांना काही झालेच नाही. दोन्हींत मी एकटीच पडत होते.

एका दुपारी शेवटच्या काही पट्ट्या उरल्या असताना मी हट्टाने स्तोत्रांतली ती ओळ काढली, जिच्यात गाणारा देवालाच विचारतो की तू मला किती दिवस विसरून राहणार, कायमचाच विसरणार आहेस का. ती एका पट्टीवर लिहिली, बाकीच्यांपेक्षा सुंदर लिहिली. कोणाला द्यायला नव्हे. मला एकदा ते डोळ्यांनी बघायचे होते. शाई ओली होती म्हणून पट्टी इतर पट्ट्यांबरोबर पसरून ठेवली आणि डोके दुखत होते म्हणून आत जाऊन पडले. रूथचा फ्रॉक उशाखाली होता, तो तोंडाला लावून झोपले. त्या दिवसांत जगायचे कशाला हाच एक विचार होता.

उठले तेव्हा आक्काने सगळ्या पट्ट्यांना रेबिनी बांधून गठ्ठा करून ठेवला होता. ती दारातून म्हणाली, "पोरी, रेबीन सरली बग. येका पट्टीला देवघरातला नाडा बांधलाय. तुज्या देवाला चालंल न्हवं?"

"चालेल," मी म्हणाले. "त्याला काहीही चालतं."

जाताना आक्का माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. संध्याकाळी मला माझ्या पट्टीची आठवण झाली. ती पसरलेल्या जागी नव्हती. कात्रणांबरोबर आक्काच्या बंबात गेली असणार असे मी धरले, आणि गठ्ठा सोडून बघायची इच्छाच नव्हती. ती वचने पुन्हा बघायला नको होती. गठ्ठा तसाच पाळकसाहेबांकडे पाठवला.

पहिल्या तारखेला आम्ही सहा आसनी रिक्षाने पिरंगुटला गेलो. मी मनाशी ठरवून निघाले होते की ही शेवटची उपासना. घरी आल्यावर यांना सांगायचे, इथून पुढे तुम्ही एकटे जा. ताट पुढे टेबलावर होते, आणि त्यात लांबून ती एक पट्टी दिसत होती. लाल-पिवळा नाडा. आमच्या लोकांना तो नाडा लगेच ओळखू येतो, कारण आमच्यातल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांच्या घरी तो होता. जो येई तो त्या पट्टीला टाळून शेजारची उचली. एका बाईंनी तर चुकून हात लागला तसा मागे घेतला. मला आतून हसू येत होते. कितीतरी दिवसांनी आलेले ते पहिले हसू, तेही चांगल्या जातीचे नव्हते. आमचा नंबर आला तेव्हा हे जाऊन एक घेऊन आले. त्यावर काय होते ते मला आज आठवत नाही.

सगळे संपले असे वाटले तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक गृहस्थ उठले. पन्नाशी ओलांडलेले, जालन्याकडचे, माणला एका बांधकामावर पहारेकरी होते असे मागून कळले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच आले होते, मोजणीत नव्हते. पट्ट्या मी घरांच्या हिशेबाने केल्या होत्या, तरी ताटात एक उरली होती. त्यांनी ती उचलली आणि चष्मा लावून, अडखळत, मोठ्याने वाचली. देवा, किती दिवस? मला कायमचाच विसरणार का?

आमेन कोणी म्हणाले नाही. हे माझ्याकडे वळून बघत होते. पट्ट्या मीच लिहिते हे त्यांना पक्के माहीत होते. पाळकसाहेब पुढे होऊन हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, काहीतरी चूक झालेली दिसते. थांबा, तुम्हाला दुसरं लिहून देतो."

त्या माणसाने पट्टी छातीशी धरली. "दुसरं नगं," ते म्हणाले. "हे शास्त्रात लिवलेलं हाय का?"

"आहे," पाळकसाहेब म्हणाले. "स्तोत्रांत आहे."

"माजा पोरगा घरातनं निघून गेला, त्याला तीन वर्सं झाली. कागद न्हाई, फोन न्हाई. मी रोज देवाला हेच इचारतो. आन् मग पाप झालं म्हणून रोज माफी मागतो." त्यांनी पट्टी पुढे धरली. "हे त्याच्याच पुस्तकात हाय, हे मला कोन्ही सांगितलं न्हाई."

मी कधी उभी राहिले मला कळले नाही. सगळे आता माझ्याकडे बघत होते. ही पट्टी मी केली, चुकून आली, मला क्षमा करा, एवढे मला म्हणायचे होते. तोंडातून मात्र फक्त आमेन आले. एकटीचे, घोगरे, चार महिन्यांत पहिले. ते त्या माणसासाठी म्हटले की रूथसाठी, की त्या प्रश्नासाठी, मला अजून सांगता येत नाही. म्हटल्यावर मी खाली बसले आणि सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले. तिला पुरले त्या दिवशीही मी अशी रडले नव्हते.

खाली जिन्यापाशी ते गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. हात जोडून म्हणाले, "ताई, ह्याच्या म्होरं काई लिवलेलं हाय का?"

आहे. त्या स्तोत्राचा शेवट भरवशाचा आहे, ते मला पाठ होते. पण ते मला सांगवेना. मी म्हणाले, "आहे दादा. पण मी अजून तिथवर पोचले नाही."

"मंग मीबी हितंच बसतो," ते म्हणाले, आणि पट्टी खिशात ठेवून बसच्या दिशेने गेले. त्यानंतर ते दोनतीन रविवार आले. मग बांधकाम संपले आणि ते कुठे गेले कळले नाही. त्यांचा मुलगा परत आला का, हेही मला माहीत नाही. यावा, असे मी आजही मागते.

परतताना रिक्षा मिळेना, म्हणून आम्ही भऱ्याच्या रस्त्याने चालत निघालो. कापलेल्या भातखाचरांवर ऊन होते. मी यांच्याकडे न बघता म्हणाले, "रागावलात?"

हे थांबले. रस्त्याच्या कडेला उभे राहून चपलेने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "मी पण रोज तेच विचारतो. आभार मोठ्यानं मानतो आणि ते मनात विचारतो. तू ऐकलंस तर तुझा उरलासुरला विश्वास जाईल, म्हणून."

चार महिने एका ताटाशी बसून आम्ही दोघे एकमेकांपासून तोच एक प्रश्न लपवत होतो. मी त्यांचा हात धरला. रस्त्यावर असे कधी धरत नव्हतो. दोघेही तिथेच, दगडी पुलाच्या कठड्यावर बसलो आणि मोठ्याने विचारले, आळीपाळीने, रूथचे नाव घेऊन. वरून काही उत्तर आले नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला असे वाटले नाही की मी रिकाम्या जागेशी बोलते आहे.

मी याला चमत्कार म्हणणार नाही. माझी मुलगी मला मिळालेली नाही आणि ती का गेली हे मला कोणी सांगितलेले नाही. स्वतःला देवावर सोपवून देणे म्हणजे तोंड मिटून घेणे, असे मी समजत होते, आणि ते मला जमत नव्हते म्हणून स्वतःला विश्वासातून गेलेली समजत होते. प्रश्नासकट, रागासकट त्याच्या पुढ्यात जाऊन बसता येते, तेवढेच मला कळले. ज्याने ते वाक्य आधीच आपल्या शास्त्रात लिहू दिले, त्याचे मी आभार मानते. अजून कमी आवाजात मानते, आणि हे शेजारी बसलेले असतात.