उवाजिमात दादाचा प्रश्न

उवाजिमाच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि पहिलं दर्शन झालं ते बैलाचं. चांगला धिप्पाड, धातूचा बैल, मान खाली घालून टकरीच्या तयारीत उभा. आमच्या दादानं बॅग तिथंच टेकवली, बैलाला हात लावून कपाळाला लावला, मग एक फेरी मारून म्हणाला, "व शोभे, याले तं वशिंडच नाही!"

वर्षा हसत सुटली. "बाबा, इथल्या बैलांना नसतंच वशिंड. ते नांगराला नाहीत, टकरीसाठी पाळतात."

"मंग पोळ्याले झूल कशी बसते?" दादानं विचारलं. जपानमध्ये पोळा नसतो हे त्याला पटायला पुढचे दोन दिवस लागले.

आम्ही तिघं कोण ते आधी सांगते. दादा माझा थोरला भाऊ, शेंदूरजनाघाटचा संत्रेवाला. वर्षा त्याची एकुलती एक लेक. अकोल्याला शेतकीचं शिकली आणि पुढचं शिकायला जपानच्या या टोकाच्या गावी आली. इथं ती संत्र्यांवर संशोधन करते. मी शोभा, अमरावतीला मराठी शिकवून निवृत्त झालेली तिची आत्या. वहिनींची विमानात बसायची छाती नव्हती, म्हणून दादाबरोबर माझी वर्णी लागली. या वर्षी दादानं बगीच्यातली फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकली होती, त्यामुळे ऐन तोडणीत तो मोकळा होता.

पण दादा काही फिरायला आला नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्यानं विहिरीजवळची जुनी झाडं काढली आणि ते वावर (शेत) तसंच रिकामं ठेवलं. शिकून आल्यावर नवी कलमं वर्षा लावणार, असं त्यानं मनाशी धरलं होतं. ती येणार की नाही, हे त्याला तोंडानं विचारायचं होतं. फोनवर ते विचारायचं नसतं, असं त्याचं म्हणणं. मुंबईच्या विमानतळावर त्यानं मला हे सांगितलं आणि वर बजावलं, "तू मधात बोलू नको." मी निमूटपणे मान हलवली. न बोलणं मला किती जड जातं, ते माझे विद्यार्थीच सांगू शकतील.

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. गर्द झाडीतून दगडी पायऱ्या चढत जायचं आणि माथ्यावर एकदम पांढरं, नीटनेटकं, तीन मजली 'तेन्शु' (किल्ल्याचा मुख्य मनोरा) समोर येतं. बूट काढून आत जायचं. जिना इतका उभा की मी चारही हातापायांवर चढले. गाविलगड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला खेळण्यातला वाटतो, पण त्याचं लाकूड न् लाकूड ज्या मायेनं सांभाळलंय, ते पाहून मला आपल्या गडांची लाज वाटली. वरच्या खिडकीतून खाडी दिसली.

"समुद्र कुठं आहे?" दादा म्हणाला.

"हाच की, बाबा."

"हा? हा तं तलाव आहे." डोंगरांनी तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेलं ते पाणी खरंच इतकं शांत होतं की त्याची चूक म्हणता येईना. मोत्यांच्या शेतीचे तराफे त्यावर ओळीनं तरंगत होते.

तिथून वारेई देवळात गेलो. नदीकाठी दगडाचं एक प्रचंड 'तोरी' (देवळापुढचं प्रवेशद्वार) उभं आहे. हा देव कोण, तर एक कारभारी. रयतेचा कर कमी करणारा कारभारी होता, वैऱ्यांनी त्याला मारलं, मग लोकांनी त्याला देव केलं. कोळी लोकांची त्याच्यावर फार श्रद्धा. दादानं तिथल्या रीतीनं मनोभावे टाळ्या वाजवून नमस्कार केला आणि म्हणाला, "आपल्याकडं कारभारी देव नाही होत. सरपंच बनते."

दुपारी बंदराजवळच्या दुकानात फजिती झाली. कढईतून चपटे, खरपूस वडे निघत होते. वर्षा पैसे द्यायला गेली तेवढ्यात दुकानदारीणबाईनं हसून एक वडा दादाच्या हातात ठेवला. दिलेलं पाहुण्यानं नाकारू नये, या वऱ्हाडी शिस्तीनं दादानं अर्धा खाल्ला. "तेल चांगलं आहे," म्हणाला. "डाळ कोनती असन?"

"बाबा! जाकोतेन आहे तो. मासे काट्यांसकट वाटून तळतात!"

गळ्यात तुळशीची माळ असलेला माझा भाऊ जागच्या जागी थिजला. मग त्यानं चूळ भरली, कान धरले, माळेला हात लावला आणि उरलेला अर्धा माझ्या हातात दिला. मी खाल्ला. फार चविष्ट होता. हे वहिनींना सांगायचं नाही, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

दोन दिवस असे गेले. जेवताना, चालताना, बागेतल्या बाकावर दादा घसा खाकरायचा, "वर्षा..." म्हणायचा आणि मग गाडीचं, नाहीतर थंडीचं काहीतरी विचारायचा. दुकानात, देवळात, रस्त्यात अनोळखी माणसाला 'काहून' (का) विचारताना ज्याची जीभ अडखळत नाही, तो पोटच्या पोरीसमोर मुका झाला होता. मला त्याचा राग यायचा आणि कीवही.

तिसऱ्या दिवशी वर्षानं आम्हांला जवळच्या योशिदा गावच्या उतारावर नेलं. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांनी कापलेला, प्रत्येक पायरीवर संत्र्याची झाडं, आणि खाली लखलखता समुद्र. इथली संत्री तीन सूर्यांवर पिकतात म्हणे: एक आकाशातला, दुसरा पाण्यावरून परतलेला, तिसरा दगडांवरून परतलेला. झाडांखाली पांढरं कापड अंथरलं होतं. पावसाचं पाणी मुळाशी जाऊ नये आणि फळात गोडी उतरावी म्हणून.

"म्हंजे ताणच देऊन राहिले!" दादा खूश झाला. आपल्याकडे फुलोरा यावा म्हणून झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. इथे पाणी तोडायची वेळ तेवढी वेगळी.

बाग ओकुदा-सान यांची. 'सान' म्हणजे आपलं वऱ्हाडी 'जी'. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली बाई, छोट्या कात्रीनं एकेक फळ तोडत होती. तिनं आम्हांला 'मिकान' (तिथलं संत्रं) दिलं. दादा बराच वेळ तोंडात जीभ फिरवत बी शोधत राहिला. बी नव्हतंच. मग कलमाला खुंट कोणता, फवारा कोणता, प्रश्नांची सरबत्ती झाली. वर्षा दोन्हीकडचं भाषांतर करत होती. बोलता बोलता दादाचं लक्ष शेजारच्या पायऱ्यांकडे गेलं. तिथं झाडांवर वेली चढल्या होत्या, फळं सडून पडली होती.

"हे कोनाचं? पडीक काहून?"

तेही तिचंच होतं. एकटीला होत नाही. मुलगा ओसाकाला असतो.

"मंग पोट्टा येत काहून नाही?"

वर्षा अवघडली. "बाबा, इथं असं विचारत नाहीत."

"तू इचार. नाव माह्यं सांग."

वर्षानं विचारलं. ओकुदा-सान यांची कात्री थांबली. त्या जरा हसल्या आणि बराच वेळ बोलत राहिल्या, समुद्राकडे बघत. वर्षा हळूहळू सांगू लागली, "त्या म्हणतात, मी त्याला कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर तो आला असता, पण मन मारून. म्हणून नव्या वर्षाला तो येतो, आणि... आणि आम्ही दोघं हवामानावर बोलतो."

ओकुदा-सान पुन्हा कात्री चालवू लागल्या.

मग दादा म्हणाला, "अन् मी इचारलं तं?"

वर्षा सवयीनं ओकुदा-सान यांच्याकडे वळली आणि जपानीत सुरुवातही केली.

"त्याइले नको सांगू व," दादा म्हणाला. "तुले इचारून राहिलो. तू येशीन का वापस? वावर ठेवू का तुह्यासाठी?"

वर्षाचे डोळे भरून आले, पण तिनं नजर हलवली नाही. "नाही, बाबा. माह्यं मन इथं लागलं. मन मारून नाही येत मी."

दादानं हातातली साल बराच वेळ चुरगाळली. "बरं केलं सांगतलं," म्हणाला. ओकुदा-सान काळजीनं विचारत होत्या, काय झालं. "सांग त्याइले," दादा म्हणाला, "मले जवाब भेटला." वर्षानं सांगितल्यावर त्या म्हाताऱ्या बाईनं दादापुढे आणखी वाकून नमस्कार केला. येताना त्यांनी आमच्या पिशव्या संत्र्यांनी भरून दिल्या. शेंदूरजनाघाटच्या माणसाला संत्री! पण दादानं हसून घेतली.

परतीचं विमान मुंबईला उतरलं. रेल्वेनं बडनेऱ्याला आणि तिथून गाडीनं दादाच्या घरी पोचलो. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी जपान कसं होतं हे विचारलं नाही, "काय म्हनते वर्षा?" एवढंच विचारलं.

"नाही म्हनते," दादा खाटेवर बसत म्हणाला. "नाही येत वापस."

"मले माहीत आहे. दिवाळीतच फोनवर सांगतलं तिनं."

दादा बघतच राहिला. "दिवाळीत? मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी मले कधी इचारलं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. त्या कळशाला तीस-पस्तीस वर्षांत कुणी काही विचारलं नसेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आता दादा चिडणार, असं मला वाटलं. पण तो खाटेवर सरकला आणि त्यानं बाजूला जागा केली.

"मंग सांग," तो म्हणाला, "तुले काय वाटते? त्या वावराचं काय करा लागते?"

वहिनी पदराला हात पुसत त्याच्याशेजारी बसल्या. "चहा नंतर घेजा," म्हणाल्या, "लय सांगाचं आहे."