आबांच्या पाडव्याची टेप

वडील, म्हणजे आमचे आबा, गेले त्याच्या वर्षश्राद्धाला दादानं घरातल्या सगळ्या टेपा एका दुकानातून एकाच डीव्हीडीत बसवून आणल्या. माझं लग्न, त्याच्या पोराचं बारसं, वास्तुशांत आणि आबांचा पाडवा. आमच्याकडं दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक पुढं मोटारसायकलवर, तिचा सायलेन्सर काढलेला, आणि त्या आवाजामागं म्हैस शेपूट वर करून धावते. आबा वर्षभर त्याच सकाळची वाट बघायचे.

दुकानदारानं गाडीचा आवाज पुसून त्यावर गाणं चढवलं होतं. कडेनं गुलाबाच्या पाकळ्या गळत होत्या आणि चित्राचे नुसते चौकोन झाले होते. आईला अलीकडं कमी दिसतं. ती टीव्हीला नाक लावून बसली आणि म्हणाली, "गाडीवरचा ह्यो कोण?"

माझं डोकंच फिरलं. ज्याच्याबरोबर उभा जन्म काढला तो माणूस तिला ओळखू येईना, आणि दादा म्हणतो, "तिचं डोळंच गेल्यात, त्याला डीव्हीडी काय करंल?" अरे शहाण्या, डोळे अधू आहेत म्हणूनच चित्र लख्ख पाहिजे. एवढं तुला कळू नये?

मूळ टेप पिशवीत घातली आणि आमच्या गडमुडशिंगी गावाहून तडक कोल्हापुरात त्या दुकानात गेले. दुकानदारानं निवांत सांगितलं. जागा वाचावी म्हणून टेप बारीक करून कॉम्प्युटरवर घेतली, गाणं घालून परत बारीक केली, आणि सगळं एका डिस्कमध्ये कोंबताना अजून एकदा.

"म्हणजे दुधात तीनदा पाणी," मी म्हटलं. "डेअरीला दूध घालताना आमच्या आबांनी कधी थेंब मिसळला नाही. तुम्ही आबांच्यातच पाणी घातलं."

तो हसायला लागला. मी हसले नाही. टेप पहिल्यापासून आहे तशी घ्या म्हटलं. मामानं कॅमेरा बंद करायचा विसरून नुसता रस्ता शूट केलाय, तेवढा कापा. रंगाला, आवाजाला हात लावायचा नाही. बारीक करायची ती एकदाच, अगदी शेवटी, डिस्कवर घालताना. आणि त्या डिस्कवर दुसरं काही नको.

"ताई, एवढ्याशासाठी अख्खी डीव्हीडी? निम्मी रिकामी जाईल. लोक हसतील."

"हसू देत की. आमचा माणूस ऐसपैस बसू दे."

तो उद्या या म्हणाला. मी स्टूल ओढून तिथंच बसले. मध्येच त्यानं हळूच विचारलं, पाकळ्या तरी ठेवू का? मी म्हटलं, एकसुद्धा नको.

घरी डिस्क लावली. गाडी फडफडायला लागली तशी आई सरसावून बसली. आबांनी म्हशीकडं मागं वळून बघितलं, आणि आईनं पुढं होऊन त्यांच्या गालावर बोट ठेवलं.

"दाढी केली न्हाई बघा. म्हटलं हुतं न्हवं मी, पावणं असत्यात रस्त्याला, करून जावा. पर ऐकतील तर शपथ."

मग जी सुरू झाली ती थांबेचना. शर्ट मळका, पायात चप्पल न्हाई, एवढ्या जोरात गाडी हाणत्यात काय. वर्षभर तिनं आबांचं नाव काढलं नव्हतं.

शेजारचे काय म्हणतील म्हणून दादानं आवाज कमी करायला रिमोट उचलला. मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला. आईचं आबांशी भांडण अजून संपलं नव्हतं.