सदूभाऊंचे दोन दिवस

सदूभाऊ मिस्त्री गाडीचं इंजिन दातांनी ऐकत. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या इंजिनवर टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि डोळे मिटायचे. जन्म कसबा पेठेतल्या तांबटाच्या घरातला. लहानपणापासून कानांवर तांब्यावरचे हातोडे पडले, त्यात कान गेले. "आमच्याकडे सगळेच बहिरे, त्यामुळे घरात कधी भांडण नाही," असं ते गंभीर चेहऱ्यानं सांगत. समोरच्याचं बोलणं ओठांवरून बरोबर ओळखत. मी त्याच गल्लीत राहणारा शाळामास्तर. वडिलांच्या मागे उरलेली आमची जुनी मोटार त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती जात नसे. आई तर त्यांना भाऊच मानायची आणि दर भाऊबीजेला ओवाळायची.

जुन्या गाडीचं ऑइल बदलायला सदूभाऊ दोन दिवस मागत. इतर मिस्त्री जुनं ऑइल खाली सोडून देत, इंजिनात डिझेल ओतत, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत आणि ते काढून नवं ऑइल भरत. तासाभरात गिऱ्हाईक मोकळं. सदूभाऊ आधी इंजिनखालचं चेंबर उतरवत, तळाचा काळा गाळ बोटांनी खरवडून काढत, ऑइल ओढणारी जाळी रॉकेलनं धूत. डिझेल त्यानंतर. "वरवर धुतलं की गाळ सुटतो, मास्तर, आणि जाळीत जाऊन बसतो. मग ऑइल वर चढत नाही, इंजिन जाम." कुणी कुरकुरलं तर म्हणत, "घाई असेल तर टांगा करा."

नगरला मामेबहिणीचं लग्न होतं. गाडी सदूभाऊंकडे आठ दिवस आधी न्यायची, ती मी आदल्या दिवशी नेली. आळस, दुसरं काही नाही.

"उद्या सकाळी हवी," मी म्हणालो.

"मिळणार नाही. आहे त्या ऑइलवर जा."

"इतक्या लांब, या काळ्या ऑइलवर? वरवरचं धुऊन द्या की."

"नाही जमणार."

मग मी नको ते बोललो. "म्हणजे तुमच्या बहिणीला एस. टी.त उभं राहून नेऊ का?"

सदूभाऊंनी माझ्या ओठांवरची नजर काढली. मग डिझेलचा डबा घेतला. संध्याकाळी किल्ली देताना म्हणाले, "हळू चालवा. समोरचा ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथंच थांबा." गाडी चालवणार होता माझा थोरला भाऊ, दादा. त्याला मी यातलं काही सांगितलं नाही.

लग्न उरकून परत येताना भर दुपारी आईच्या छातीत कळ आली. दादानं पुण्याकडे गाडी पिटाळली. थोड्या वेळानं लाल दिवा लागला. मी तो पाहिला आणि गप्प बसलो. त्या अवस्थेत थांबा म्हणायची छाती झाली नाही. वाघोलीजवळ इंजिन एकदम जाम झालं. तेव्हा तिथं दोन्ही बाजूंना नुसती शेतं होती. पाऊण तासानं एक ट्रक थांबला. दवाखाना येण्याआधी, ट्रकमध्येच, माझ्या मांडीवर आई गेली.

तेरावं झाल्यावर दादा सदूभाऊंच्या शेडपुढे जाऊन ओरडला, "बहिऱ्या, माझ्या आईला मारलंस तू!" सारी गल्ली गोळा झाली. सदूभाऊंनी त्याच्या ओठांवरून सगळं वाचलं. मग एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे बघत उभा होतो. "चूक झाली, दादासाहेब," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर पेठेतली माणसं त्यांच्याकडे गाडी देईनात. दोन वर्षांत शेडला कुलूप लागलं आणि सदूभाऊ धायरीला मुलीकडे राहायला गेले. मी सुटल्यासारखा झालो, हेही लिहिलं पाहिजे.

अकरा वर्षांनी मी धायरीला गेलो. सदूभाऊ अंगणात खाटेवर बसले होते, पार वाळलेले. पलीकडे मुलगी आणि जावई शेंगा फोडत होते. मी जवळ बसून हलकेच म्हणालो, "तुम्ही नको म्हणत होतात. मीच करायला लावलं. दादाला अजून सांगितलेलं नाही."

त्यांना कळलं होतं. नजर माझ्या ओठांवरून हलली नव्हती.

"मोठ्यानं बोला, मास्तर."

मुलीनं मान वर केली. मी पुन्हा तेच पुटपुटलो.

"मोठ्यानं."

माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. सदूभाऊंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग मला कशाला सांगता? मी तिथंच होतो की. चहा घेऊन जा."

चहा घेऊन मी निघालो. चार महिन्यांनी सदूभाऊ गेले. मातीला गेलो, तिथंही मी मागेच उभा राहिलो.

दादा आता ब्याऐंशी वर्षांचा आहे. दर वर्षी आईच्या तिथीला जेवायला बसला की 'त्या बहिऱ्या'ला शिव्या देतो आणि मी पानातलं निवडत बसतो. यंदाची तिथी परवा आहे. हे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवायला. हल्ली त्यालाही कमी ऐकू येतं. मोठ्यानं वाचावं लागेल.