अमेरिका लढलीच नसती तर

साहेबांनी वही मिटली नाही. पानावर बोट ठेवून विचारलं, "हा विषय कुणी दिला?"

"मी," नाना मास्तर म्हणाले.

बेचाळीसची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमची शाळा राजगडाच्या पायथ्याशी, भोर संस्थानच्या मुलखात. मी हेडमास्तर, नाना माझे असिस्टंट. त्या दिवसांत मास्तर चळवळीत असल्याचा नुसता संशय आला तरी नोकरी जायची, आणि नानांच्या एकट्याच्या पगारावर सात माणसं जेवत होती. समोर बसले होते शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर साहेब.

विषय तसा निरुपद्रवी होता. सातवीच्या इतिहासात अमेरिकेचा धडा होता. तिथल्या इंग्रजांच्या वसाहती लढल्या आणि स्वतंत्र झाल्या. त्यावर नानांनी निबंध दिला: 'वसाहती लढल्याच नसत्या तर?' बहुतेक मुलांनी पुस्तकातलंच उलटं करून लिहिलं. धनगरवाड्यावरच्या सखारामने पुस्तक उघडलंच नाही. अमेरिका त्याने पाहिली नव्हती, म्हणून ठाऊक होतं ते लिहिलं. साहेब मोठ्याने वाचू लागले.

"'लढले नसते तर अमेरिकेत अजून साहेब आले असते. गावाने त्यांची ट्रंक आणि वळकटी डोक्यावर घेऊन खिंड चढली असती. भात कापायचं राहिलं असतं. पण गोळी लागून कुणी मेलं नसतं. आयांना बरं वाटलं असतं. लढावं की लढू नये, हे माझं अजून ठरलेलं नाही.'"

खाली लाल शाईत नानांचा शेरा होता: 'उत्तम. विचार स्वतःचा.'

त्याच सकाळी साहेबांची ट्रंक सखारामच्या वडिलांनी, धोंडिबांनी, खिंड चढवून आणली होती. ते अजून दारातच उभे होते.

"काय रे, तू शिकवलंस हे पोराला?"

"म्या?" धोंडिबा दचकले. "मला अमेरिका कुठं ठावं, सायेब? तितंबी खिंड हाय व्हय?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

"हेडमास्तर, यांचं टाचण आणा."

टाचण म्हणजे कोणता धडा कसा शिकवणार, याची मास्तरने आधी लिहून ठेवलेली नोंद. हेडमास्तरने ती वाचून सही करायची असते. मी शनिवारी पुढच्या आठवड्याची सगळी पानं पुढ्यात ओढायचो आणि न वाचताच सह्या करायचो. निबंधाचा विषय त्या पानावर स्वच्छ लिहिलेला होता. खाली माझी सही.

"ही सही वाचून केलीत?"

'नाही' म्हटलं असतं तर मला ताकीद मिळाली असती आणि नाना घरी बसले असते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिडकीबाहेर बघत राहिले.

"वाचून केली, साहेब."

"मग दोघांचाही रिपोर्ट जाईल." त्यांनी दौत जवळ ओढली.

सवयीने माझ्या तोंडातून गेलं, "रिपोर्टाला मूळ वही जोडायची का नक्कल? पुरावा लागेल ना."

टाक थांबला.

वेठ, म्हणजे गावाकडून फुकट करून घ्यायची हमाली, दरबारच्या हुकमाने केव्हाच बंद झाली होती. वही वर गेली असती तर पहिला प्रश्न ट्रंकेचा निघाला असता. मी हा डाव मुद्दाम टाकला, असं नाना पुढे सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे मला त्या क्षणी जोडपत्रापलीकडे काहीच सुचलं नव्हतं.

साहेबांनी निबंध पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात. मग शेरेबुकात एकच ओळ लिहिली: 'मुलांचे हस्ताक्षर सुधारावे.' रिपोर्ट गेला नाही. नानांची नोकरी राहिली.

परवा नानांचा तेरावा झाला. वहिनींनी त्यांच्या टाचणांच्या वह्या माझ्या हाती दिल्या. रोज दोन-चार पानं वाचतो. प्रत्येक पानाखाली माझी सही आहे आणि एकही पान ओळखीचं नाही.

नव्या हेडमास्तरांना एवढंच सांगेन, सही करण्याआधी वाचत जा. शेजारच्या वर्गात कोण शिकवतंय ते वेळेवर कळतं.