आबांची सही

नारायणगावच्या स्टँडवर आबांनी माझी बॅग पुण्याच्या एसटीत चढवली आणि कंडक्टरला म्हणाले, "पोरगी फॉरेनला चाललीय शिकवायला. जरा ध्यान ठेवा, राव." केवढा तो अभिमान! मला गावातून घालवणाऱ्यांत हेही एक आहेत, असं त्या कंडक्टरला सांगावंसं फार वाटलं. पण चारचौघांत बापाचा पाणउतारा करायचा नाही, हे आईनं शिकवलेलं. मी खिडकीशी बसले आणि गाडी हलेपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहिले.

गावाकडच्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, 'मॅडमनी नशीब काढलं' असं तुम्ही म्हणता, म्हणून हे लिहितेय. नशीब कसलं डोंबलाचं! मला हाकललं.

गावच्या हायस्कुलात मी नऊ वर्षं गणित शिकवलं. शेवटच्या साली दहावीच्या परीक्षेला वर्गावर सुपरव्हिजनला होते. हेडमास्तरांनी उत्तरांचा कागद हातात दिला आणि म्हणाले, हळूच वाचून दाखवा, शंभर टक्के निकाल लागला पाहिजे. मी नाही वाचला. एवढाच माझा गुन्हा. निकाल घसरला, आणि शाळा उघडताच शाळा समितीकडे तक्रार आली की बाई मुलांना पट्टीनं मारतात. अहो, माझ्या वर्गात पट्टी फक्त रेघा आखायला! समितीनं ठराव केला, बाईंचा राजीनामा घ्यावा. खाली सदस्यांच्या सह्या. आबाही समितीवर होते, त्यांचीही सही, चांगली ठसठशीत.

त्या दिवशी जेवताना आबा एवढंच म्हणाले, "आपल्याला गावात ऱ्हायचंय. धाकटीचं लगीन करायचंय." आईनं कालवण वाढलं. मीच मग स्वतःची समजूत घातली. आबा भोळे आहेत, लोकांनी कान भरले, त्यांना ते खरंच वाटलं असेल. त्या समजुतीवर मी दीड वर्ष काढलं.

आता मालदीवच्या एका बेटावर आहे. वीस मिनिटं चाललं की बेट संपतं. सुट्टी शुक्रवारची, मुलं मला 'मिस' म्हणतात. तिकडे बाजार पडला की टोमॅटो रस्त्याकडेला ओततात. इथे बोटीनं आलेला एकेक टोमॅटो बायका चार वेळा दाबून बघतात. मला हसू येतं आणि मग दिवसभर गाव डोक्यातून जात नाही.

मागच्या महिन्यात इथल्याही एका पालकानं तक्रार केली, मिस माझ्या मुलावर ओरडल्या. प्रिन्सिपल बाईंनी ऑफिसात बोलावलं. म्हटलं, झालं, भरा बॅग. बाईंनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "नेमकं काय झालं, ते आधी तुम्ही सांगा." मला रडूच फुटलं. त्या बिचाऱ्या घाबरल्या, पाणी मागवलं. त्यांना काय सांगणार? आमच्या गावात हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात शुक्रवारी सकाळी आबांचा फोन आला. लई खुशीत होते. "सुट्टीला ये. शाळा तुझा सत्कार करणार हाय. हेडमास्तर म्हणत व्हते, मोठा फ्लेक्स लावू." माझं डोकं सणकलं. इतके दिवस गिळलेलं तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, "आबा, सही करायच्या आधी मला एकदा तरी विचारायचं होतं. पोरी, तू मारलंस का, एवढंच."

"त्यात इचारायचं काय?" आबा म्हणाले. "मला ठावं व्हतं, तू न्हाई मारलं."

किती सहज म्हणाले! मी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. आबांना मी भोळं ठरवलं होतं ते त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. तेवढ्यावर तर माझं घर उभं होतं. माझ्यावर पुरता विश्वास असलेला एक माणूस समितीच्या त्या बैठकीत बसला होता, आणि त्यानंही सही केली.

सुट्टीला मी येणार नाही. तुमच्यातल्या कुणीतरी आईला सांगा. मी नाही सांगू शकत. तिचा आवाज ऐकला, तर लगेच तिकीट काढीन.