नव्या मोटारसायकलची आखडलेली मान

पन्नाशी जवळ आली तेव्हा मी मोटारसायकल घेतली. स्कूटर नव्हे, मोटारसायकल. गिअरची, काळी, चांगली वजनदार. हे इतकं फोडून सांगते, कारण शोरूममध्येही मला ते तितकंच फोडून सांगावं लागलं होतं. तिथला मुलगा शेवटपर्यंत माझ्या नवऱ्याकडे बघून मायलेज सांगत होता. माझ्या नवऱ्याला गिअरची गाडी येत नाही. त्याला त्याची लाजही वाटत नाही, आणि त्याच्या थोड्या गुणांपैकी तो एक मोठा गुण आहे.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार, पेढे, फुगे असं सगळं झालं. मग एक पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आली. ती नवऱ्याच्या हातात दिली गेली.

"सर, जरा हसा. मॅडम, तुम्ही थोड्या बाजूला."

फोटो निघाला. त्यात नवरा, किल्ली, गाडी आणि माझा डावा खांदा आहे. खरी किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

मी फिजिओथेरपिस्ट. इंदिरानगरला छोटं क्लिनिक आहे आणि आठवड्यातून काही वेळा देवळाली कॅम्पला पेशंट बघायला जाते. कॉलेजात असताना वडिलांची मोटारसायकल मी चांगली पळवली होती. मधे लग्न, मुलं, स्कूटर. हातातली सवय गेली नव्हती, आणि म्हणूनच शोरूममधून बाहेर पडल्या पडल्या मला कळलं की या गाडीचं काहीतरी बिनसलंय. सरळ रस्त्यावर ती सरळ जाईना. जरा डावीकडे कलायची, मी सावरायचे. सावरली की उजवीकडे. सिग्नलजवळ वेग कमी केला की नागिणीसारखी वळवळायची. वळणावर तर कमाल. वळण संपलं तरी हँडल आपण होऊन सरळ येईना, मला ते ओढून आणावं लागायचं. रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून गेलं की पुढचं चाक टणकन उडायचं. कॅम्पला पोहोचेपर्यंत माझेच खांदे भरून यायचे, आणि मग मी लोकांना खांदे सैल कसे सोडायचे ते शिकवायचे.

मी ही तक्रार घरी केली आणि मतांचा पाऊस सुरू झाला. धाकटे दीर याच कंपनीची हीच गाडी दोन वर्षं चालवतात, त्यामुळे ते स्वतःला तज्ज्ञ मानतात. ते म्हणाले, "वहिनी, वजनाचा प्रश्न आहे. या गाडीला तुमचं वजन कमी पडतं."

आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझं वजन कमी आहे असं म्हणालं होतं. ते वाक्य मी आनंदाने ऐकून घेतलं, पण खरं मानलं नाही.

खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, रस्तेच तसे आहेत, कुंभमेळ्याच्या कामासाठी सगळं शहर उकरून ठेवलंय, गाडी बिचारी काय करणार. म्हणून मी सकाळी गाडी त्र्यंबक रोडला नेली, जिथे रस्ता गुळगुळीत आहे. तिथेही तीच वळवळ. काकूंनी नजर लागल्याचं निदान केलं आणि लिंबू सुचवलं. नवऱ्याने मला न सांगता पुढच्या चाकाखाली ते ठेवलं. लिंबू चिरडलं, गाडी होती तशीच राहिली.

मग मी सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुख्य साहेबांनी माझं म्हणणं ऐकलं, म्हणजे मी बोलत असताना ते फोनकडे बघत होते. मग गाडीवर बसले, एका हाताने गेटपासून स्पीडब्रेकरपर्यंत गेले आणि परत आले.

"एकदम मक्खन," ते म्हणाले. "गाडीत काहीच नाही मॅडम. सवय होऊ द्या. लेडीजना सुरुवातीला जड वाटते."

"जड नाही वाटत. वळवळते."

"तेच ते."

आणि त्यांनी अतिशय आपुलकीने मला स्कूटरचं माहितीपत्रक दिलं.

मी घरी आले ती चिडून. पण चिडून निदान होत नाही, हे माझ्या धंद्याने मला शिकवलंय. पेशंट आला की आधी त्याला चालताना बघायचं, मग हात लावून बघायचं, एका वेळी एक गोष्ट. इतके दिवस मी गाडीला हातच लावला नव्हता, फक्त तिच्यावर बसून कुरकुरत होते.

रविवारी सकाळी सुरुवात हवेपासून केली. साखळीच्या झाकणावर हवा किती असावी ते छापलेलं असतं. पंपावर मोजली तर दोन्ही चाकांत त्याहून कितीतरी जास्त. गाड्या ट्रकमधून येताना दोरखंडाने आवळून बांधतात, तेव्हा टायर टणक भरलेले असतात. गाडी ग्राहकाला देताना ती हवा कमी करायची असते. शोरूमवाल्यांना फुगे फुगवायला वेळ मिळाला होता, टायरची हवा सोडायला मिळाला नव्हता. हवा बरोबर केल्यावर पट्ट्यांवरचं उडणं थांबलं. वळवळ मात्र राहिली.

मग गाडी मेन स्टँडवर लावली आणि नवऱ्याला मागची बाजू दाबून धरायला सांगितलं, म्हणजे पुढचं चाक अधांतरी राहील. हँडल मधोमध ठेवलं आणि एका बोटाने हलकेच ढकललं. थोडं हललं आणि जिथे सोडलं तिथेच थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. हाताला कळत होतं, आत काहीतरी आवळून धरलंय. रात्रभर वाकड्या उशीवर झोपलेला माणूस जसा मान न वळवता सगळं अंग वळवून बघतो, तशी ही गाडी होती.

दिरांना फोन करून गाडी घेऊन बोलावलं. पोह्यांचं नाव काढल्यावर ते लगेच आले. त्यांच्या गाडीचं चाक तसंच उचललं, हँडलला बोट लावलं आणि ते आपल्या वजनाने अलगद एका बाजूला जाऊन टेकलं.

"बघितलंत?" मी म्हटलं.

दिरांनी दोन्ही हँडलं स्वतः करून बघितली, मग विचार करून म्हणाले, "नवी आहे ना. कंपनीने मुद्दाम टाइट दिली असेल."

"कशासाठी?"

"ते कंपनीलाच माहीत. पोहे झाले का?"

सोमवारी मी पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. साहेबांनी मला ओळखलं, त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळलं. मी म्हटलं, गाडी चालवू नका, फक्त चाक उचला. चाक उचललं. हँडल अडून राहिलं.

"कंपनी सेटिंग आहे मॅडम. सगळ्या अशाच येतात."

"मग ती दुसरी उचला." शेजारच्या शोरूमच्या काचेआड अगदी तशीच कोरी गाडी उभी होती, फुगे बांधलेली. साहेबांना नाही म्हणता येईना, कारण एव्हाना सर्व्हिसला आलेली चार माणसं गोळा झाली होती. फुग्यांसकट तिचं चाक उचललं गेलं. हँडल झरकन बाजूला गेलं आणि एक फुगा फुटला.

"तुम्ही गाडी प्रेशरने पाणी मारून धुतली होती का?" साहेबांनी विचारलं.

"एकदाही धुतलेली नाही. बघा की, लिंबाचा डाग अजून आहे."

गाडी आत गेली. हँडलखालच्या बेअरिंगवरचा नट जास्त आवळला गेला होता. तो सैल करून मेकॅनिकने गाडी बाहेर आणली. मी फाटकापर्यंत नेली आणि पुढचा ब्रेक दाबला. खालून टक्क आवाज आला. परत आणली.

"आता फार सैल झालंय."

"मॅडम, मघाशी टाइट म्हणालात, आता सैल म्हणता!"

"या दोन्हींच्या मधलं काही ठेवता का तुमच्याकडे?"

चार माणसं हसली. साहेब हसले नाहीत, पण मेकॅनिकला त्यांनी पुन्हा पाना घ्यायला लावला. या वेळी नट जागेवर बसला. टक्क आवाज गेला, हँडल बोट लावताच अलगद बाजूला पडू लागलं. मुंबई नाक्याच्या गर्दीत मी मुंगीच्या चालीने गाडी काढली आणि ती एका रेषेत गेली. मला एवढा आनंद झाला की मी सिग्नलला उगाचच शेजारच्या रिक्षावाल्याकडे बघून हसले. तो घाबरला.

घरी मात्र वेगळाच निकाल लागला होता. त्या आठवड्यात दिरांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं की वहिनींना आता सवय झाली. काका म्हणाले, रस्ता जरा बुजवला म्हणून फरक पडला. काकूंना लिंबाचं श्रेय मिळालं आणि त्यांनी ते घेतलं. मी नट, बेअरिंग समजावून सांगायला लागले की सगळे हातातल्या चहाकडे बघायचे. शेवटी मी सांगणं सोडून दिलं.

पुढच्या रविवारी नवऱ्याला मागे बसवून पेठ रोडने सावळ घाटात गेले. पहिल्या वळणावर त्याने माझा खांदा घट्ट धरला. दुसऱ्या वळणावर जरा सैल सोडला. गाडी कलत होती, वळण घेत होती आणि वळण सुटलं की आपली आपण उभी राहत होती. घाटाच्या वर एका टपरीपाशी थांबलो. चहा संपवून मी हेल्मेट घातलं.

"निघायचं?" त्याने विचारलं.

"नाही, मला तीच वळणं पुन्हा घ्यायचीत. खाली जाऊन येते."

"तू ये जाऊन," नवरा म्हणाला आणि त्याने दुसरा चहा सांगितला.