तांबडीवर न शिकलेलं

पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला गाभण तपासणी शिकायला बुद्धप्रियाच्या तुकडीला एकच गाय होती, तांबडी. तिला खोड्यात उभं करायचं आणि एकेकानं खांद्यापर्यंत हातमोजा चढवून मागून हात घालायचा, आतून गर्भाशय चाचपायचं. बुद्धप्रियाची पाळी आली तोवर आधीच्या मुलाच्या मोज्यावर रक्ताची रेघ उमटली होती. गाय हंबरतही नव्हती, नुसती मान टाकून उभी होती.

"सर, मी नाही घालत हात. सोडा आता तिला."

सरही दिवसभर उभे राहून शिणले होते. "हिच्यावर नाही शिकलीस, तर उद्या कुणाच्या तरी घरच्या जनावरावर शिकशील. मग काय करशील?"

बुद्धप्रियानं हातमोजा तसाच परत ठेवला. पुढंही पाळी आली की ती मागं सरायची. मुलं तिला 'करुणामाई' म्हणून चिडवायची. तोंडी परीक्षेत तिनं सगळं बिनचूक सांगितलं आणि ती पास झाली.

आता इंटर्नशिपसाठी ती सोलापुरातून रोज दुधनीकडच्या दवाखान्यात जायची. यायला अंधार पडायचा. एका दुपारी मोठे डॉक्टर लसीकरणाला गेलेले असताना जवळच्या वस्तीवरची नागव्वा आपली म्हैस घेऊन आली.

"डॉक्टरीणबाई, गाभण हाय का बघा. नसली तर बाजारात न्यायची. रिकामी कोन पोसनार?"

बाजारात भाकड म्हैस कोण घेतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बुद्धप्रियानं हात घातला. आत सगळं ऊन ऊन, गुळगुळीत, सारखंच. पुस्तकातलं एकही चित्र बोटांना सापडेना. म्हशीनं पाठ कमानीसारखी वाकवली, तसा तिनं हात काढून घेतला.

"कळत नाही मला, मावशी."

"आँ? मग शिकलात काय इतकी वर्सं?"

"हेच राहिलं." बुद्धप्रिया भिंतीला टेकली. "डॉक्टर येईपर्यंत थांबा. उगाच हिला त्रास नको."

"ते आले तरी हातच घालनार की. आनि तुमी? फुडच्या म्हशीला बी असंच म्हननार?" नागव्वानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "बघा परत. मी हितंच हाय."

बुद्धप्रियानं बाटलीतलं तेल मोज्यावर नीट चोळलं.

"शेपूट बाजूला धरा, मावशी. तिनं अंग चोरलं की मला थांबवा."

"थांबवते की. दमानं घाला."